नकाशावरील हक्काच्या रेषा

नदी जमिनीवर वाहताना दिसते, म्हणून नकाशात तिची रेषा काढतात. देशाची सीमा मात्र माणसांनी मानलेली असते. ती सर्वांना मान्य असेल, तर प्रश्न उरत नाही. परंतु तिच्याविषयी वाद असेल, तर नकाशा काढणाऱ्याने काय करावे?

दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेल्या अंटार्क्टिका खंडाचेच उदाहरण घ्या. या बर्फाच्छादित खंडावर मूळ रहिवासी कोणीच नाहीत. तरीही अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, चिली, नॉर्वे, न्यूझीलंड, फ्रान्स व ब्रिटन या 7 देशांनी त्याच्या निरनिराळ्या भागांवर हक्क सांगितला आहे. त्यांतील अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तर अर्जेंटिना, चिली व ब्रिटन या तिघांचाही दावा आहे. अर्जेंटिनात 2010 साली कायदा झाला, की शाळांतील देशाच्या नकाशात हा भागही दाखविला पाहिजे. साहजिकच तेथील मुलांना तो आपल्या देशाचाच वाटतो. चिलीच्या नकाशात तोच प्रदेश चिलीचा असतो. भूमी एक, पण धनी अनेक!

हा वाद विकोपाला जाऊ नये, म्हणून 1959 साली 12 राष्ट्रांनी एक करार केला. तो 1961 पासून अमलात आला. करारामुळे जुने हक्क मान्यही झाले नाहीत आणि रद्दही झाले नाहीत; मात्र नवा हक्क सांगण्यास मनाई झाली. हा खंड केवळ शांततेच्या कार्यासाठी वापरावा, असे ठरले. भारत 1983 साली या करारात सामील झाला. भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र नॉर्वेने हक्क सांगितलेल्या भागात आहे, तर ‘भारती’ हे केंद्र ऑस्ट्रेलियाने हक्क सांगितलेल्या भागात आहे. तरीही दोन्ही ठिकाणी भारतीय शास्त्रज्ञ निर्वेधपणे संशोधन करतात.

मग असे हक्क नकाशात दाखवावेत काय? ते मुळीच दाखविले नाहीत, तर वाद आहे हेच वाचकास कळणार नाही. एखाद्या देशाच्या रंगात तो भाग रंगविला, तर नुसता दावा मालकीसारखा दिसेल. म्हणून तुटक रेषेने सर्वांचे हक्क दाखवावेत, ते एकमेकांवर कोठे येतात हे स्पष्ट करावे आणि ‘हे दावे आहेत’ अशी टीप खाली द्यावी. विद्यार्थ्यांनीही नकाशा पाहताना रेषेबरोबर टीप वाचावी आणि तो कोणत्या देशात छापला आहे, हेही पाहावे.