डब्यात पैसे टाका, पुडा उचला

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आज पाळीच्या पॅडबद्दल बोलू. रेडिओ चालू असताना घरात पुरुष माणसं असतील तर असू देत, त्यांनीही ऐकावं.

आमच्या गटाने गेल्या वर्षी पॅड विकायला घेतले आणि एका ताईंच्या घरी ठेवले. पहिल्या महिन्यात चार पुडे खपले. बायका यायच्या, डाळीचा भाव विचारायच्या आणि तशाच परत जायच्या. का, तर ओट्यावर ताईंचे सासरे बसलेले! मला वाटायचं, ही लाज आपल्याच खेड्यातली. मग एका कंपनीचा इतिहास वाचनात आला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नीना नावाचं गाव आहे. तिथे १८७२ साली चौघांनी भागीदारीत कागदाचा धंदा सुरू केला. तीच किम्बर्ली-क्लार्क कंपनी. त्यांच्या पहिल्या गिरणीत जुन्या चिंध्यांपासून छपाईचा कागद व्हायचा. पुढे १९१४ च्या सुमारास त्यांच्या माणसांना युरोपात लाकडाच्या लगद्यापासून केलेला एक मऊ पदार्थ दिसला. कापसापेक्षा स्वस्त आणि ओल शोषायला कापसाच्या कितीतरी पुढे. त्याला त्यांनी सेल्युकॉटन नाव दिलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि कापसाची टंचाई होती, म्हणून जखमी सैनिकांच्या मलमपट्टीसाठी हा माल जाऊ लागला.

१९१८ मध्ये युद्ध संपलं, मागणी थांबली, माल पडून राहिला. आता काय करायचं? उत्तर नर्सबायकांनी आधीच शोधून ठेवलं होतं. इस्पितळात मलमपट्टीचा हाच माल त्या पाळीत वापरत होत्या. कंपनीच्या साहेबांना सुचलं नाही ते त्या बायकांना सुचलं, हे मी मुद्दाम सांगते. १९२० साली कोटेक्स बाजारात आलं. बारा पॅडचा डबा साठ सेंटला.

आणि इथे गाडी अडली. दुकानदार पुरुष, माल मांडायला तयार नाहीत. बाई विचारायला तयार नाही. मासिकं जाहिरात घ्यायला कचरत होती. खुद्द कंपनीलाही आपलं नाव नको होतं, म्हणून विक्रीसाठी वेगळ्या नावाची कंपनी काढली! त्याआधी १८९६ च्या सुमारास जॉन्सन अँड जॉन्सनने असेच पॅड काढले होते, तेही याच संकोचात मागे पडले. मग कोटेक्सवाल्यांनी युक्ती केली. दुकानात पॅडचे डबे ठेवायचे, शेजारी पैशांचा डबा. बाईने पैसे टाकायचे, माल उचलायचा, कुणाशी बोलायचं नाही. नुसतं ‘कोटेक्स’ म्हटलं की भागेल, असं कशाचाच बोध न होणारं नावही त्यातूनच कामी आलं. आज याच कंपनीचं नाव आपल्या पुण्याजवळ सणसवाडीच्या कारखान्यालाही जोडलेलं आहे.

ते पॅड आजच्यासारखे चिकटत नव्हते बरं का. कमरेला पट्टा, त्याला पिना. चिकटणारे पॅड आले १९७० च्या आसपास.

पॅडचं यंत्र घ्यायचा विचार करणाऱ्या गटांनी लगद्याची गोष्ट नीट लक्षात ठेवावी. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी १९९८ मध्ये बायकोसाठी कापसाचे पॅड करून पाहिले, ते टिकेनात. आत कापूस नसून लाकडाचा लगदा असतो, हे कळायलाच त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ गेला. पुढे त्यांनी स्वस्त यंत्र बनवलं आणि ते बचत गटांना दिलं. तेव्हा यंत्र बघायला जाल तेव्हा आधी विचारा, लगदा कुठून येणार, किलोला काय पडणार. यंत्र एकदाच घ्यायचं, लगदा कायम लागतो.

कापड वाईट, असं मी म्हणत नाही. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं कापड चांगलंच. आपण ते साडीखाली लपवून ओलसर ठेवतो, घोटाळा तिथे होतो.

तर आमच्या ताईंनी काय केलं? मागच्या दाराजवळच्या फळीवर पुडे ठेवले, शेजारी बिस्किटांचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडून. वर खडूने किंमत लिहिली. त्या महिन्यात एकतीस पुडे गेले. हिशोबाला एका पुड्याचे पैसे कमी भरले. कुणी विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात डब्यात तेवढेच पैसे जास्त निघाले.