हंगाम अर्धाच राहिला, मग कप कुणाचा?

दोस्तांनो, समजा रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर तुमची फुटबॉलची मॅच रंगली आहे. तुमची टीम एका गोलने पुढे. अजून वीस मिनिटं बाकी. तेवढ्यात त्र्यंबकच्या बाजूने काळे ढग येतात आणि असा पाऊस कोसळतो, की समोरचा बॉलसुद्धा दिसेना! सगळे आडोशाला पळतात आणि तिथे भांडण जुंपतं. तुम्ही म्हणता, "आम्ही पुढे होतो, आम्हीच जिंकलो." समोरचे म्हणतात, "छे! मॅच रद्द." आणि कोपऱ्यात कपडे पिळत उभा असलेला गोलकीपर म्हणतो, "भांडता कशाला? उरलेली वीस मिनिटं उद्या खेळू की!"

सांगा पाहू, बरोबर कोण?

हसू नका. हाच प्रश्न २०२० साली भल्याभल्यांना पडला होता. तोही एका मॅचचा नाही, अख्ख्या हंगामाचा!

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूर गाठावं. कुस्तीच्या या गावात तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... पेठापेठांत नुसती ईर्षा! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे 'केएसए'ची लीग शाहू स्टेडियमवर सुरू झाली, की निम्मं गाव तिथेच. पण मार्च २०२० मध्ये करोना आला, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात मैदानं ओस पडली. कोल्हापूरच काय, जगभर हेच झालं.

आता लीग थांबली, की एवढी पंचाईत का होते? बाद पद्धतीत हरला तो घरी गेला, हिशेब सरळ. लीगमध्ये मात्र प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. जिंकलं की ३ गुण, बरोबरी झाली की १. मध्येच खेळ थांबला, तर एखाद्याच्या सोप्या मॅचेस होऊन गेलेल्या असतात आणि दुसऱ्याच्या अवघड. मग तक्ता अर्धवट, आणि न्यायही अर्धवट!

म्हणून पावसातल्या आपल्या तिघांची तिन्ही उत्तरं त्या वर्षी जगात खरोखर दिली गेली.

'पुढे होता तो जिंकला' हे उत्तर आपल्याच देशात मिळालं. आय-लीगमध्ये मोहन बागानचे १६ सामन्यांत ३९ गुण होते. त्यांच्याखालच्या ईस्ट बंगालचे तेवढ्याच सामन्यांत २३. सामने उरले ४. ईस्ट बंगालने चारही जिंकले असते तरी २३ अधिक १२, म्हणजे ३५ च! बाकी कुणालाही बागानला गाठणं शक्य नव्हतं. त्यामुळे कप बागानला दिला, तेव्हा गणितच पंच झालं. फ्रान्समध्ये संघ सारखे सामने खेळलेले नव्हते, म्हणून त्यांनी दर सामन्याचे सरासरी गुण काढले. पॅरिसच्या संघाचे २७ सामन्यांत ६८ गुण, मार्सेचे २८ सामन्यांत ५६. भागाकार तुम्हीच करून बघा!

'उद्या खेळू' म्हणणारा गोलकीपर इंग्लंडला पटला. तिथली प्रीमियर लीग तीन महिने थांबली आणि १७ जूनला रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. लिव्हरपूलने ३० वर्षांनी विजेतेपद मिळवलं, पण टाळ्या वाजवायला मैदानात प्रेक्षकच नव्हते!

आणि 'रद्द'? ते नेदरलँड्समध्ये घडलं. आयाक्स आणि एझेड, दोघांचेही ५६ गुण. गोलफरकात आयाक्स पुढे, पण एझेडने आयाक्सला दोन्ही वेळा हरवलेलं. मग विजेता कुणीच नाही असं ठरलं. वरच्या गटात कुणाला बढती नाही, खाली कुणाची घसरगुंडी नाही. याचा खरा फटका बसला कांबूर नावाच्या छोट्या क्लबला. दुसऱ्या गटात ते पहिल्या नंबरवर होते, सामने उरले होते फक्त ९. बढती अगदी हाताशी आली होती आणि ती गेली. ते कोर्टात गेले, तिथेही हरले.

पण मंडळी रडत बसली नाहीत. पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून खेळून त्यांनी ती लीग जिंकलीच आणि वरच्या गटात गेले!

पालकांनो, मोठ्या क्लबला पुढचा हंगाम मिळतो. सतरा वर्षांखालच्या संघातल्या मुलाचं वय मात्र थांबत नाही. ज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, त्याला ते परत मिळालं नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याला "खेळच तर होता" असं म्हणू नका.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक युक्ती. सगळी भांडणं झाली, कारण नियम मागाहून ठरला. कोण पुढे, कोण मागे हे कळल्यावर ज्याला त्याला आपल्या सोयीचाच नियम बरोबर वाटतो. म्हणून कॉलनीची लीग सुरू करण्याआधी, सगळ्यांचे गुण शून्य असतानाच वहीत लिहून ठेवा : खेळ मध्येच थांबला तर काय? खाली सगळ्या कॅप्टनांच्या सह्या घ्या.

मग येऊ दे त्र्यंबकहून कितीही मोठा ढग!