पलटणीतून ग्रामसभेकडे

काळी ट्रंक, खाकी होल्डॉल आणि डोक्यावर बारीक कापलेले केस. पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून फौजी एस. टी. तून उतरला, की थांब्यावरची पोरे सामान उचलायला धावतात. पहिले दोन महिने सगळे गाव लढाईच्या गोष्टी ऐकायला पारावर जमते. मग पेरण्यांची घाई सुरू होते आणि ऐकणारे एकेक करून उठतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, असा पेन्शनीतला माणूस बहुतेकांच्या ओळखीचा असतो. कुणी त्याला सुभेदार म्हणतो, कुणी नुसते मेजर. लग्नाच्या मांडवात त्याला मान मिळतो. ग्रामपंचायतीच्या कामात मात्र त्याला कुणी विचारत नाही, आणि तोही होऊन तिकडे फिरकत नाही.

न फिरकण्याला कारणही आहे. नोकरीत असेपर्यंत सैनिकाला राजकारणात भाग घेता येत नाही. पक्षाचे सभासदत्व नाही, प्रचार नाही, निवडणुकीला उभे राहणे नाही. ऐन उमेदीची वर्षे तो वरून हुकूम घेतो आणि खाली हुकूम देतो. गावात मात्र हुकूम चालत नाही, ठराव चालतो. ठरावासाठी चार जणांचे ऐकून घ्यावे लागते, त्यांतले दोघे तरी आडवे बोलणारे असतात.

हुकमाच्या राज्याची चव सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून बाजाराला जाताना आपण ती नावे वाचतोच. म्हणून एखादा शिपाईगडी गावाचा पुढारी झाला, की आनंदाबरोबर एक प्रश्नही मनात यावा. हा गावाला चालवणार, की गावाला चालायला शिकवणार?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारच्याच, पूर्वी अहमदनगर म्हणत त्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे किसन बाबूराव हजारे सैन्यात गाडी चालवीत. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर हल्ला झाला, सोबतचे जवान पडले, हे वाचले. १९७५ साली ते गावी परतले. पाऊस जेमतेम, विहिरी कोरड्या, तरणी माणसे मजुरीला बाहेर, आणि गावात दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या. हजाऱ्यांनी नोकरीचे साठलेले पैसे यादवबाबांच्या मोडकळलेल्या देवळाला लावले. स्वतःच्या खिशातून आधी घातले, मगच लोकांपुढे हात पसरला. गावाने त्यांना अण्णा म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पुढचे तुम्ही ऐकलेलेच आहे. श्रमदानाने समतल चर खोदले, नाल्यांना बांध घातले, गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. जमिनीत पाणी मुरले, विहिरींना आले. मग सगळ्यांत अवघड काम आले, ते आलेले पाणी वाटून घेण्याचे. पाणी पिणारा ऊस लावायचा नाही, असे गावाने ठरवले. (उजनीच्या पाण्यावर ऊस वाढवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कुणी मोठ्याने बोलून पाहावे!) हजाऱ्यांना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

पण दारूबंदीची गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक जण गाळतात. सांगून, शपथ घालूनही जो पीत राहील, त्याला खांबाला बांधून पट्ट्याने मारले जाई. तो पट्टा फौजेतला होता. ही गोष्ट अण्णांनी कधी लपवली नाही. आई लेकराला मारते ती मायेनेच, असे तिचे समर्थनही झाले. ज्या बाईचा नवरा रोज पिऊन घर मोडीत होता, तिला त्या पट्ट्याचे वाईट वाटले नसेल, हेही खरे. तरीपण आम्हाला ती रीत पटत नाही. खांबाला बांधलेला माणूसही त्याच ग्रामसभेचा मतदार असतो. आज दारूड्याला बांधले, उद्या ठरावाच्या विरुद्ध हात वर करणाऱ्याला कुणी बांधले, तर अडवणार कोण? गावची निवडणूक बिनविरोध व्हावी या आग्रहाचेही असेच आहे. भांडणे टळतात हे कबूल. पण ज्याला विरोध करायचा आहे त्याचे तोंड कधी कधी लाजेकाजेने बंद होते. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत राळेगणमध्येही मतदान झाले, आणि त्याने गाव काही मोडले नाही.

अण्णांचे खरे मोठे काम आम्हाला दिसते ते पट्टा खाली ठेवल्यानंतरचे. माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी राज्यभर लोक उठवले, ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि महाराष्ट्राचा कायदा लागू झाला. पुढे देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. आज दहा रुपये भरून कुणीही पाझर तलावाच्या खर्चाचे कागद मागू शकतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारूचेही तसेच. गावोगावच्या बायांच्या चळवळींनी रेटा लावला आणि आता नियम असा आहे: पाव हिस्सा महिला मतदारांनी अर्ज केला, की परवान्याच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, की दुकान बंद. कुणाला बांधावे लागत नाही, मारावे लागत नाही, आणि कुणी कुठे शिक्का मारला ते नवऱ्यालाही कळत नाही.

पलटणीतून आलेल्या माणसाने गावकीत उतरावे ही चाल आपल्याकडे जुनीच आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असा जाब विचारला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसायचे कसे म्हणून उच्चवर्णीय सभासद नाराज झाले. हाती ना पट्टा, ना हुकूम. होती ती लेखणी आणि बोर्डातली एक खुर्ची. पलटणीत जातीचा म्हणून मागे राहिलेला नव्हता, तो बोर्डातही मागे सरला नाही.

आता तर फौजी आणखी तरुण वयात परतणार आहेत. २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत चार वर्षांनी जास्तीत जास्त पाव हिस्सा कायम होतो. बाकीचे पंचविशीच्या आसपास, पेन्शनशिवाय घरी येतील. त्यांच्या पोटापाण्याची काळजी मोठी आहे आणि तिच्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल. पण ज्यांना वेळेवर हजर राहायची, सामानाची मोजदाद करायची आणि नोंद ठेवायची सवय लागली आहे, अशी माणसे गावाला आयती मिळणार आहेत.

त्यांच्याजोगे एक काम आजच आहे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला संख्येची अट राहत नाही. मग एखाद्या आडवारी, दहा-बारा सह्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर होतो. त्या सह्या कुणाच्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा येत्या सभेच्या आदल्या संध्याकाळी सुभेदारांच्या ओट्यावर जा. त्यांना भाषण करायला सांगू नका, ते करतीलच. फक्त एवढे म्हणा, की उद्या चावडीच्या दारात उभे राहून माणसे मोजा, आणि शंभर भरल्याशिवाय कुणाला सही करू देऊ नका.