कळसूबाईला जायचे तर

आपल्या जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथे कळसूबाईचा डोंगर आहे. साऱ्या महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. उंची 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ आहे. कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती. चाकरीला राहताना तिने सांगितले, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. मालकाने शब्द मोडला, तशी ती डोंगरावर निघून गेली. अशी गोष्ट सांगतात.

नवरात्रात हजारो माणसे वर जातात. म्हातारी माणसे जातात, लेकुरवाळ्या बायकाही जातात. वाट बारी गावातून आहे. गावापासून माथ्यापर्यंत 800 मीटरहून अधिक चढ आहे. मधे कडे लागतात, तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत.

लोक विचारतात, "वर जायला किती वेळ लागतो?" खाली यायला किती लागतो, हे कोणी विचारत नाही. घोळ तिथेच होतो. उतरताना पाय थकलेले असतात, गुडघे लटपटतात. पाय घसरायचा तो अशा वेळी.

म्हणून हिशोब संध्याकाळपासून मागे करावा. समजा, बरोबर आई आहे आणि दहा वर्षांचा पोरगा आहे. चढायला चार तास धरा, उतरायला साडेतीन. नवरात्रात शिडीपाशी रांग लागते, तिचा एक तास. दर्शनाला आणि भाकरीला अर्धा तास. झाले नऊ तास. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसहाला बारी सोडली, तर साडेतीनला खाली याल. दहाला सोडली, तर सात वाजतील. म्हणजे दगडांच्या वाटेवर अंधार, आणि आईचा हात धरून उतरायचे.

आणखी एक गोष्ट घरीच ठरवावी. मागे कधी फिरायचे? आम्ही दीड वाजता म्हणतो. दीडला जिथे असाल तिथून परतायचे. वर गेल्यावर हे ठरत नाही. कळस समोर दिसतो, मग कोणीतरी म्हणतेच, "एवढं आलो, आता थोडक्यासाठी काय परत जायचं?"

युरोपात आल्प्स नावाचे बर्फाचे डोंगर आहेत. तिथले वाटाडे मोठ्या शिखरांसाठी मध्यरात्रीनंतरच निघतात. ऊन चढले की बर्फ मऊ होतो आणि दगड सुटून खाली येतात. म्हणून परतायची वेळ तेही आधीच नेमतात. इथे बर्फ नाही, पण घड्याळ तेच.

माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्या. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर जाऊ नका. भाकरी, गूळ आणि विजेरी बरोबर असू द्या. एक घोंगडीही घ्या, कारण वर बारीपेक्षा चार-पाच अंशांनी गार असते, वारा वेगळा. नव्या कोऱ्या चपला नकोत. ओझे पाठीवर बांधा. शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत. उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा. पोराच्या खालच्या बाजूला मोठ्या माणसाने राहावे.

परतीचा पाऊस नवरात्रातही येतो. वीज चमकली की आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग माथा आणि लोखंडी शिड्या टाळा. पण वेळीच टाळा. ढग काळे होताना दिसले की लगेच उतरू लागावे. मधेच सापडलात, तर शिडीपासून आणि उंच झाडापासून दूर खोलगट जागी बसा. एकमेकांना चिकटून बसू नका.

निघताना बारीत कोणाला तरी सांगून ठेवा, "आम्ही पाच जण आहोत, चारच्या आत येतो." खाली आल्यावर त्यालाच परत भेटा, नाहीतर तो बिचारा रात्री कंदील घेऊन शोधायला निघेल.