ऑनलाइन भूमिका-खेळ : खेळाडूंना उपयोगी पडणाऱ्या युक्त्या व त्यांमागील हिशेब

प्रस्तावना :

संगणकीय खेळ हा विषय आपल्या महाविद्यालयीन चर्चेत बहुधा तक्रारीच्या सुरातच येतो. विद्यार्थी मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतो, एवढ्यावर चर्चा थांबते. तो नेमके काय खेळतो, त्या खेळात पुढे जाण्यासाठी काय करावे लागते आणि कोणत्या ठिकाणी तो फसू शकतो, याची विचारणा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ऑनलाइन भूमिका-खेळ या प्रकारात खेळाडूंना खरोखर उपयोगी पडणाऱ्या काही युक्त्यांचे विवेचन केले आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या खेळांतील बहुतेक चांगल्या युक्त्या म्हणजे चोरवाटा नसून खेळ कसा मोजतो हे ओळखण्याची रीत होय. ही रीत ज्याला कळली तो कमी वेळात समाधानाने खेळतो. ज्याला कळली नाही तो वेळ घालवतो आणि प्रसंगी पैसाही. विवेचनासाठी मुख्यत्वे 'रूनस्केप' या एकाच खेळाचा आधार घेतला आहे, कारण त्याचे नियम व आकडे खेळाडूंना उघडपणे ठाऊक आहेत.

भूमिका-खेळ म्हणजे काय :

दुसऱ्याचे रूप घेऊन काही काळ वावरणे मराठी माणसाला नवे नाही. भारुडातील सोंगे, कोकणातील दशावतार, दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणारी मुले, ही सर्व त्याच प्रवृत्तीची रूपे आहेत. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रवृत्तीला अंक व फासे यांची जोड मिळाली. पात्राचे बळ, चपळाई, आयुष्य हे सारे संख्यांत मांडले गेले. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी केवळ अक्षरांवर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा 'मड' हा खेळ रचला. पुढच्या ऑनलाइन भूमिका-खेळांची परंपरा तेथून सुरू होते.

'रूनस्केप' 4 जानेवारी 2001 रोजी इंग्लंडमध्ये सुरू झाला. अँड्र्यू गोवर व त्यांचे बंधू हे त्याचे कर्ते. साध्या ब्राउझरमध्ये चालत असल्याने त्यासाठी वेगळे महागडे यंत्र लागत नसे. 2013 मध्ये त्याचे जुने रूप 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या नावाने पुन्हा उपलब्ध झाले आणि 2018 मध्ये ते मोबाइलवर आले. पुढील सर्व आकडे या जुन्या रूपाचे आहेत. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जतसारख्या तालुक्यात, जेथे नेटवर्क वाडीगणिक बदलते, तेथे या खेळाची एक बाब सोयीची ठरते. याचे घड्याळ 0.6 सेकंदांच्या ठोक्यावर चालते. प्रत्येक कृती पुढच्या ठोक्याला नोंदली जाते. त्यामुळे गोळीबाराच्या खेळांत क्षणभराच्या विलंबाने जसा घात होतो तसा येथे सहसा होत नाही. बोटांच्या वेगापेक्षा नियोजनाला येथे अधिक किंमत आहे.

पातळ्यांचे गणित :

नवा खेळाडू सर्वांत आधी अनुभवगुण आणि पातळी यांच्या नात्यात फसतो. प्रत्येक कौशल्याच्या पातळ्या 1 ते 99 आहेत. पाहणाऱ्याला वाटते की पन्नासावी पातळी गाठली म्हणजे अर्धी वाट संपली. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या पातळीला केवळ 83 गुण लागतात, पन्नासाव्या पातळीला 1,01,333 आणि नव्याण्णवाव्या पातळीला 1,30,34,431. म्हणजे पन्नासाव्या पातळीवरील खेळाडूने एकूण वाटेचा एक टक्काही ओलांडलेला नसतो. खरा मध्यबिंदू 92 व्या पातळीवर येतो. तेथे 65,17,253 गुण लागतात. सुमारे दर सात पातळ्यांना आवश्यक गुण दुप्पट होतात, हे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. चक्रवाढ शिकवताना वाणिज्य विभागाच्या सहकाऱ्यांना याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

यातून निघणारी युक्ती अशी की, प्रत्येक कौशल्य शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. सत्तराव्या पातळीला 7,37,627 गुण लागतात, म्हणजे अखेरच्या आकड्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी. आणि खेळातील पुष्कळशी उपयुक्त साधने तेवढ्यावर खुली होतात. त्यापुढचा प्रवास हौसेचा आहे. हौस करण्यास हरकत नाही, परंतु ती हौस आहे हे ठाऊक असावे.

दुसरी युक्ती आरंभीच्या काळाची. एकाच प्राण्यास शेकडो वेळा मारत बसण्यापेक्षा कथानकातील कामगिऱ्या, म्हणजे क्वेस्ट, पूर्ण कराव्यात. सभासदांसाठी असलेल्या 'वॉटरफॉल क्वेस्ट' या एका कामगिरीत आक्रमण व बळ या दोन्ही कौशल्यांत प्रत्येकी 13,750 गुण मिळतात, आणि पहिल्या पातळीचा खेळाडू एकदम तिसाव्या पातळीवर जातो. गंमत अशी की, या कामगिरीत एका समाधीत शिरण्यापूर्वी शस्त्रे व चिलखत बाहेर ठेवावे लागते. बलवान राक्षसांच्या समोरून निःशस्त्र धावत जावे लागते. येथे उपयोगी पडते ते सूचना नीट वाचणे आणि पुरेसे अन्न बरोबर ठेवणे.

विनाशुल्क खेळणाऱ्यांची पहिली कामगिरी तर स्वयंपाकघरातील आहे. राजवाड्यातील आचाऱ्याला अंडे, बादलीभर दूध आणि पीठ आणून द्यायचे असते. शेतातून गहू तोडावा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर जाऊन तो टाकावा, कळ ओढावी, मग खाली येऊन भांड्यात पीठ भरावे, असा क्रम आहे. एक पायरी चुकली की पीठ मिळत नाही. हे सारे इंग्रजीत वाचावे लागते. आपल्या तालुक्याच्या पूर्व भागातील कित्येक मुले घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात; त्यांच्यापैकी कोणी या आचाऱ्याशी इंग्रजीत बोलून पीठ दळून आणत असेल, तर त्या वाचनाकडे भाषाशिक्षकाने दुर्लक्ष करू नये.

नशीब आणि संभाव्यता :

राक्षस मारल्यावर दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता ठरलेली असते. समजा ती 128 मध्ये 1 आहे. सर्वसाधारण खेळाडूचा समज असा की, 128 वेळा मारले की वस्तू मिळालीच पाहिजे. प्रत्यक्षात 128 प्रयत्नांत ती किमान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे 63 टक्के आहे. 256 प्रयत्नांत ती सुमारे 87 टक्के होते आणि 384 प्रयत्नांत सुमारे 95 टक्के. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातील प्रत्येकाने 128 प्रयत्न केले तर त्यांतील सुमारे 22 जण रिकाम्या हाताने परततील. त्यांत कोणाचा दोष नाही आणि यंत्रात लबाडीही नाही.

येथे खरा धोका मनाचा आहे. तीनशे प्रयत्न वाया गेल्यावर 'आता तर मिळणारच' असे वाटू लागते. परंतु तीनशे एकाव्या प्रयत्नाचीही शक्यता 128 मध्ये 1 एवढीच असते. मागचे प्रयत्न यंत्राच्या स्मरणात नसतात. म्हणून अनुभवी खेळाडू बसण्यापूर्वीच मर्यादा ठरवतो: आज पन्नास प्रयत्न, नंतर बंद. वस्तू मिळेपर्यंत खेळेन, असे ठरवणारा खेळाडू आपल्या झोपेची वेळ फाशांच्या हाती देतो. जेथे प्रत्येक प्रयत्नाला रोख पैसे मोजावे लागतात अशा खेळांत हाच भ्रम अधिक महाग पडतो.

बाजारपेठ :

खेळातील वस्तूंची खरेदी-विक्री 'ग्रँड एक्स्चेंज' नावाच्या मध्यवर्ती बाजारात होते. तेथे मागणी-पुरवठ्यानुसार भाव हलतात. घाईने घेणारा जास्त मोजतो, घाईने विकणारा कमी घेतो. म्हणून आपला भाव सांगून थांबणे ही येथील मूळ युक्ती. डाळिंबाचा बहर एकाच वेळी सर्वांचा आला की बाजारात काय होते, हे जत परिसरातील मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकांना येथील आणखी एक यंत्रणा रोचक वाटेल. जादूच्या 55 व्या पातळीला एक मंत्र मिळतो. त्याने बहुतेक वस्तूंचे नाण्यांत रूपांतर होते आणि खेळाने ठरवलेल्या मूल्याच्या 60 टक्के नाणी मिळतात. परिणामी, मंत्राला लागणाऱ्या साहित्याचा खर्च वजा जाता अशा वस्तूचा बाजारभाव त्या रकमेच्या फारसा खाली टिकत नाही. कारण तो खाली गेला की लोक वस्तू विकत घेऊन मंत्राने नाणी करतात. हा एक प्रकारचा हमीभावच झाला, फरक एवढाच की येथे खरेदी केंद्र कधी बंद नसते. खेळाडूसाठी युक्ती सोपी आहे: विकण्यापूर्वी बाजारभाव आणि मंत्राचे मूल्य यांची तुलना करावी.

गटाने खेळणे :

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (2004) सारख्या खेळांत तीन भूमिका ठळक असतात. एक शत्रूचा मारा स्वतःवर ओढून घेतो, दुसरा त्याच्या जखमा भरतो, बाकीचे प्रहार करतात. नव्या खेळाडूला प्रहाराचीच हौस असते; तो घाई करतो, शत्रूचे लक्ष त्याच्याकडे वळते आणि गट कोसळतो. कबड्डीत कोपऱ्याच्या खेळाडूने घोटा धरण्यापूर्वीच मधल्याने झेप घेतली तर जे होते, तेच येथेही होते. आधी पकड बसू द्यावी, मग तुटून पडावे.

याच खेळात सप्टेंबर 2005 मध्ये एक विलक्षण घटना घडली. एका राक्षसाने लावलेला संसर्गजन्य शाप ठरावीक गुहेपुरता राहायचा होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत पोहोचला आणि दुबळी पात्रे पटापट मरू लागली. कोणी मदतीला धावले, कोणी पळाले, कोणी मुद्दाम रोग पसरवला. 2007 मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात या घटनेचा साथरोगशास्त्राच्या दृष्टीने विचार करणारा लेख प्रसिद्ध झाला. कोविडच्या अनुभवानंतर तो प्राणिशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही विभागांनी वाचण्याजोगा आहे.

फसवणूक आणि सुरक्षितता :

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने वर्गानंतर थांबून विचारले, "सर, आयडी परत मिळतो का?" नाणी दुप्पट करून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या दुव्यावर त्याने पासवर्ड भरला होता, आणि वर यूपीआयने पैसेही पाठवले होते. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती घरच्यांनी परीक्षा शुल्कासाठी दिलेली होती.

'रूनस्केप'मध्ये फसवणुकीचे प्रकार जुने आणि ठरलेले आहेत. आधी थोडी नाणी खरोखर दुप्पट करून द्यायची आणि मोठी रक्कम आली की निघून जायचे, हा एक. दुसरा चिलखताचा. सोनेरी किनार असलेली चिलखते खेळात मिळतात. 'तुझ्या चिलखताला किनार लावून देतो' असे सांगून ते घ्यायचे आणि नाहीसे व्हायचे. वस्तुतः कोणत्याही खेळाडूला अशी किनार लावताच येत नाही. ज्याला हा नियम ठाऊक आहे तो फसत नाही. देवघेवीच्या वेळी पुष्टीचा दुसरा पडदा येतो, तो याचसाठी. तेथे वस्तूचे नाव आणि संख्या अक्षरशः वाचावी. समोरचा घाई करू लागला की देवघेव रद्द करावी.

तिसरा प्रकार 'वाइल्डरनेस' या उजाड प्रदेशात नेण्याचा. तेथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात. एरवी मेल्यावर सर्वांत मौल्यवान तीन वस्तू हाती राहतात. आपण होऊन दुसऱ्यावर हल्ला केला असेल तर त्याही जातात. विसाव्या टप्प्यापलीकडे सुटकेचे बहुतेक मंत्र चालत नाहीत. गमावल्यास वाईट वाटणार नाही एवढेच घेऊन तेथे जावे.

खात्याला दुहेरी पडताळणी आणि खेळातील पेढीला चार अंकी पिन लावणे ही दोन मिनिटांची कामे आहेत. खेळातील नाणी खऱ्या रुपयांत विकत घेणे नियमबाह्य असून त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते. शिवाय विकणाऱ्याने पैसे घेऊन नाणी दिली नाहीत तर खेळाकडे दाद मागण्यास तोंड उरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी केली आहे. ई-स्पोर्ट्स आणि जिंकण्याची पैज नसलेले करमणुकीचे खेळ यांना तो वेगळे मानतो. केवळ वर्गणी भरून खेळता येणारा खेळ तेवढ्यामुळे जुगार ठरत नाही. पालकसभेत हा फरक सांगण्याची वेळ आता वारंवार येईल.

वेळेच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मोजूनमापून आहे. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या तिच्या रोगवर्गीकरणात गेमिंग विकाराचा समावेश आहे. मात्र खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे, ही लक्षणे सामान्यतः बारा महिने दिसावी लागतात. रात्री दोन तास खेळणारा प्रत्येक विद्यार्थी रुग्ण नव्हे.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पैशांची फसवणूक झाल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. दुसरी, व्यवहाराचा क्रमांक, संदेश आणि पडद्याची छायाचित्रे पुसून टाकू नयेत. घरी कळेल या भीतीने मुले नेमके तेच आधी पुसतात.