खोकला रात्रीच का जागा होतो?

जानेवारीतली सकाळ. बल्लारपूरच्या एखाद्या शाळेत पहिला तास चालू आहे आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी पेंगते आहे. आपण विचारतो, "रात्री झोपली नाहीस का?" ती म्हणते, "खोकला येत होता, सर." आता मात्र ती एकदाही खोकत नाही. दुपारी दवाखान्यात नेले, तर तिथेही छाती कदाचित स्वच्छच ऐकू येईल. मग खोकला गेला कुठे? की हा नुसता बहाणा?

बहुधा बहाणा नसावा. पहाटे झोपेतून उठवणारा खोकला आणि श्वास सोडताना छातीत वाजणारी शिट्टी ही दम्याची नेहमीची खूण आहे. दिवसा ती लपून बसते, म्हणूनच ती ओळखायला उशीर होतो.

अरुंद होणारी नळी

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. अशा हुळहुळ्या नलिकांना धूर, धूळ, थंड हवा किंवा सर्दीचे विषाणू यांपैकी काहीही निमित्त पुरते. भोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगते, चिकट कफ साठतो आणि नळी अरुंद होते.

त्याने किती फरक पडतो? नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर अवरोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो! फुप्फुसातला प्रवाह सगळीकडे इतका संथ नसतो. तरी अंदाज यायला हे गणित पुरेसे आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. नाक चिमटीत धरून शीतपेयाच्या नळीतून पाव मिनिट श्वास घ्यायचा आणि सोडायचा. मग तीच नळी मध्ये थोडी दाबून पुन्हा तसेच करायचे. (दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलांनी हा प्रयोग करू नये. गरगरले तर लगेच थांबावे.) दम्याचा झटका आलेल्या माणसाला काय होत असेल, हे मुलांना न सांगता कळते.

पण रात्रच का?

स्वतः दमेकरी असलेले इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यांनी 1698 साली दम्यावर ग्रंथ लिहिला. झटका बहुधा रात्री, झोप लागल्यावर येतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. त्याची कारणे पुढे बरीच सांगितली गेली: आडवे पडणे, गादी-उशीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे, गार हवा. ही सारी कारणे आहेतच. पण या सर्वांना वगळले, तरी रात्रीचा काही वाटा उरतो का?

2021 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे तपासले गेले. 17 दमेकऱ्यांना मंद प्रकाशात, ठराविक स्थितीत बसवून, दर दोन तासांनी सारखाच अल्पोपाहार देत 38 तास जागे ठेवले. दुसऱ्या टप्प्यात त्यांचा 'दिवस' 28 तासांचा केला. तरीही फुप्फुसांची क्षमता पहाटे चारच्या सुमारासच सर्वांत कमी भरली. झोप नव्हती, गादी नव्हती, तरीही! म्हणजे शरीरातले घड्याळही यात भागीदार आहे. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे ॲड्रेनॅलिन आणि सूज आवरणारे कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके रात्री कमी असतात.

आपल्याकडची रात्र

या पहाटेच्या घसरणीवर आपल्या भागातली हवा भर घालते. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र आणि कारखाने यांमुळे 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले होते. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशी जड हवा वर चढत नाही आणि धूर खालीच कोंडून राहतो.

बाहेरची हवा एकट्या घराच्या हाती नाही. घरातली बरीचशी आहे. चुलीचा किंवा शेगडीचा धूर झोपण्याच्या खोलीत येऊ न देणे, रात्रभर जळणाऱ्या डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी लावणे, पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे, उन्हाळ्यात कूलर सुरू करताना गेल्या वर्षीच्या बुरसटलेल्या ताट्या बदलणे आणि घरात विडी-सिगारेट न ओढणे, एवढे तरी करता येते.

पंपाची भीती

"पंपाची सवय लागते" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. हिशेब करून पाहू. साल्ब्युटामॉलच्या गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम औषध असू शकते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते 100 मायक्रोग्रॅम असते. एका गोळीत 40 फवारे! गोळीतले औषध रक्तातून सर्वांगभर फिरते, फवारा थेट श्वासनलिकांत पोचतो.

मात्र हे औषध आवळलेले स्नायू तेवढे सैल करते. सूज कायम राहते. सूज उतरवतो तो श्वासातून घ्यायचा, अल्प मात्रेतला स्टेरॉइड. बरे वाटत असतानाही तो डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यावा लागतो, आणि नेमका तोच आधी सोडला जातो. लहान मुलांना पंप स्पेसर लावून द्यावा. तो परवडत नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीचा स्पेसरही तितकाच उपयोगी पडतो, असे 1999 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांना आढळले. तो कसा करायचा, ते आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

नोंद कोण ठेवणार?

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना व सुईणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. नीट निरीक्षण करायला पदवी लागत नाही, हा त्याचा धडा.

आपणही चार प्रश्न विचारू शकतो. गेल्या चार आठवड्यांत खोकल्याने किंवा धापेने रात्री जाग आली का? दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? खेळ सोडून बसावे लागले का? दमा असलेल्या मुलाने एकाही प्रश्नाला 'हो' म्हटले, तर दमा पुरता आटोक्यात नाही. दम्याचे निदान झालेले नसेल, तर रात्रीच्या नोंदींची वही घेऊन पालकांना दवाखान्यात पाठवावे. खोकल्याला इतर कारणेही असतात. तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयाची तपासणी करायलाच हवी.

झटका आला, तर मुलाला सरळ बसवा, कपडे सैल करा, ठरवून दिलेला पंप द्या. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, तर पंप देत देत ताबडतोब रुग्णालय गाठा. धाप तशीच असताना शिट्टी थांबली, तर हायसे वाटून घेऊ नका. हवा फारशी आत-बाहेर होत नसली की शिट्टीही वाजत नाही.

तेव्हा उद्या पहिल्या तासाला कुणी पेंगताना दिसले, तर रागावण्याआधी एवढेच विचारा, "रात्री किती वाजता जाग आली?"