एक्क्याण्णव चाकांची काटकसर

हॅमंड ऑर्गन सुरू करताना घाई चालत नाही. त्याला दोन खटके असतात. 'स्टार्ट' लिहिलेला खटका दाबून धरायचा आणि मनात आठपर्यंत मोजायचं. पोटात मोटर घरघरू लागते, घरघर चढत जाते. मग पहिला न सोडता शेजारचा 'रन' चालू करायचा, आणखी चार मोजायचे, आणि तेव्हा कुठे पहिल्यावरचं बोट काढायचं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चारऐवजी दोनच मोजले. मोटरने मान टाकली.

"पुन्हा," ऑर्गनच्या मागून आवाज आला.

मागची फळी काढून तिथले तंत्रज्ञ स्टुलावर बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात लांब चोचीची तेलाची बुधली. वर्षातून एकदा हे तेल घालावं लागतं. ते चाकांवर ओतायचं नसतं. पन्हळीत सोडलं की तिथून सुती दोऱ्यांवरून झिरपत एकेका बेअरिंगपर्यंत पोचतं. समईची वात जसं तेल ओढते तसंच.

मी तिथे वाजवायला कमी आणि बघायला जास्त गेलो होतो. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि रात्री, जेवणं आटोपली की, लॅपटॉपवर याच यंत्राची नक्कल बांधत बसतो. वर्षभर बांधत होतो, पण उघडं पोट पाहिलं नव्हतं.

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाला संगीत नाटकातला, पायांनी भाता मारायचा ऑर्गन आठवतो. हॅमंडमध्ये भाता नाही, रीड नाहीत, हवाच नाही. लॉरेन्स हॅमंड हा घड्याळं बनवणारा इंजिनिअर. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं. विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरणारी सिंक्रोनस मोटर तो घड्याळात वापरत होता. तीच त्यानं १९३४ मध्ये पेटंट घेतलेल्या या वाद्यात बसवली आणि १९३५ मध्ये ते बाजारात आणलं. मोटर एक लांब दांडा फिरवते, दांड्यावरची दातेरी चक्रं ९१ पोलादी चाकं फिरवतात. प्रत्येक चाक जेमतेम दोन इंचांचं, कडेला उंचवटे. कडेजवळ एक चुंबक, चुंबकाच्या टोकाला तारेचं वेटोळं. उंचवटा समोरून गेला की वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. दांडा सेकंदाला २० फेऱ्या घेतो. ८८ आणि ६४ दात्यांच्या जोडीनं त्या २७.५ होतात, चाकाला उंचवटे १६. गुणाकार ४४०, म्हणजे पांढरी सहा.

हिशेब इतका उघडा असल्यामुळे सूर थेट वीजपुरवठ्याच्या हातात जातो. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. हाच ऑर्गन ट्रान्सफॉर्मर लावून पुण्यात चालवला तर काळी पाच दाबल्यावर पांढरी पाच ऐकू येईल. सेटबीफ्री नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे. फ्रेडरिक किलँडर यांच्या 'बियाट्रिक्स' या प्रोग्रॅममधून ते पुढे वाढलं. त्यात चक्रांचे दाते ६० आवर्तनांच्या यंत्राचे हवेत की ५० च्या, असा पर्यायच दिला आहे. लॅपटॉपमध्ये एकही दाता नाही, तरी कुठले दाते हवेत ते सांगावं लागतं. तो पर्याय पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

चाकांतून निघते ती नुसती साधी लहर, शिट्टीसारखी, चवहीन. चव आणायला ड्रॉबार. पट्ट्यांच्या वर खेचायच्या नऊ दांड्या, प्रत्येकीवर शून्य ते आठ खुणा. एक दांडी मूळ स्वर देते, दुसरी खालचं सप्तक, तिसरी वरचा पंचम, असे नऊ घटक पाहिजे त्या प्रमाणात मिसळायचे. एका संचाच्या जुळण्या किती? नऊचा नववा घात, ३८ कोटी ७४ लाखांच्या वर. म्हणून प्रत्येक आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि पट्टी दाबली की लावायचा, हा पियानोला चालणारा मार्ग इथे बंद. आवाजाची नक्कल सोडून यंत्राचीच नक्कल करावी लागते.

माझी पहिली नक्कल अर्थातच फसली. प्रत्येक पट्टीला मी तिच्या स्वतःच्या नऊ लहरी दिल्या होत्या. मेमरी मुबलक, प्रोसेसर रिकामा, मग कशाला हात आखडायचा? आवाज भरगच्च आला आणि साफ चुकीचा. दोन्ही हातांनी स्वरसमूह धरला की वरातीतला बँड अंगावर आल्यासारखं व्हायचं. कारण त्या उघड्या पोटाकडे पाहताना कळलं. खऱ्या ऑर्गनमध्ये कुठल्याच पट्टीच्या मालकीचं काही नसतं. दोन कीबोर्ड, प्रत्येकी ६१ पट्ट्या, पायांखाली २५ पेडल, आणि या सगळ्यांत मिळून चाकं ९१. एका 'सा'चा वरचा पंचम आणि शेजारच्या 'प'चा मूळ स्वर एकाच चाकावरून येतात. दोन पट्ट्यांनी एकच चाक मागितलं तर आवाज दुप्पट होत नाही. एकाच ताटात दोघं जेवायला बसल्यासारखा वाटा घटतो. वरच्या टोकाला तर चाकंच संपतात. सहा हजार हर्ट्झच्या अलीकडे शेवटचं चाक. त्यापुढचा स्वर मागितला की यंत्र निमूटपणे एक सप्तक खालचा देतं.

म्हणजे हा सगळा कोंड्याचा मांडा आहे, आणि ज्या आवाजावर जग लुब्ध झालं तो या काटकसरीचा आवाज आहे. नक्कल करणाऱ्याला हे फार उशिरा सुचतं, कारण संगणकाला काटकसरीची गरज नसते. ती त्याला शिकवावी लागते. नव्या कोडमध्ये मी ९१ लहरी ठेवल्या आणि त्या सतत फिरत्या ठेवल्या, कोणी वाजवत असो वा नसो. सेकंदाला ४८,००० नमुने गुणिले ९१, म्हणजे ४३ लाखांहून जास्त आकडे, आणि पट्टी दाबलेली नसेल तर ते सगळे मोजून फेकून द्यायचे. इंजिनिअर म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण बँड थांबला.

काटकसरीची सगळ्यात गमतीशीर खूण म्हणजे गंधार. तंबोऱ्याजवळ वाढलेल्या कानाला ती आधी खटकते. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो मूळ स्वराचा शुद्ध पाचपट असतो. हॅमंडमध्ये पाचपटीची दांडी आहे, पण तिच्यासाठी वेगळं चाक नाही. ती शेजारच्या पट्टीचा, म्हणजे समान अंतरांच्या पाश्चात्त्य सप्तकातला, गंधार उसना आणते. तो १४ सेंट चढा असतो. माझं बालपण पेटी आणि तंबोऱ्यात गेलेलं. मी मोठ्या हौसेनं माझ्या नकलेत तो गंधार शुद्ध केला. आवाज निवळला, गोड झाला, आणि हॅमंड नाहीसा झाला. रात्री दीड वाजता तो मुकाट पुन्हा चढवला.

पट्टीखाली काय चालतं ते तंत्रज्ञांनी आरशाचा तुकडा धरून दाखवलं. प्रत्येक पट्टीखाली नऊ बारीक तारा, नऊ आडव्या सळ्यांवर टेकायला टपलेल्या. दोन्ही कीबोर्ड मिळून १,०९८ टेकण्या. पट्टी दाबली की नऊच्या नऊ एका क्षणी टेकत नाहीत. थोड्या मागेपुढे, आणि लहर वर असो, खाली असो, मध्येच पकडतात. त्यातून 'टिक्' असा आवाज येतो. हॅमंडच्या दृष्टीनं तो दोष. १९५६ पासून ब्लू नोट कंपनीच्या तबकड्यांवर ऑर्गनवादक जिमी स्मिथ झळकला, आणि जॅझवाल्यांना त्याच टिकटिकीत ताल सापडला. माझ्या कोडमध्ये आता प्रत्येक तार काही मिलिसेकंदांच्या आत मनाला येईल तेव्हा टेकते. एक अडचण मात्र सुटत नाही. खऱ्या ऑर्गनची पट्टी थोडीशी खाली गेली की बोलते; बाजारातले बहुतेक कीबोर्ड तळाला टेकल्यावर. बोटांना तो उशीर कळतो.

पर्कशनचंही तसंच. बी-३ या मॉडेलमध्ये स्वराच्या आरंभी 'टणक्' असा ठोका देता येतो. पण तो देणारं सर्किट सगळ्या पट्ट्यांत मिळून एकच, आणि ते चालवायला जादा तार नव्हती म्हणून नवव्या दांडीची वापरली. पर्कशन लावलं की नववी दांडी मुकी. आणि सगळी बोटं उचलल्याशिवाय पुढचा ठोका मिळत नाही. चर्चमधला तरुण वादक दोन ओळींच्या मध्ये हात किंचित हवेत उचलायचा ते मला लकब वाटली होती. तो ठोका भरून घेत होता.

मुळात हॅमंड हीच एक नक्कल होती, हे या सगळ्यात विसरायला होतं. पाइप ऑर्गनचे सगळे रंग आमच्या यंत्रात आहेत, अशी कंपनीची जाहिरात होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल १९३६ मध्ये तिला खेचलं. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये पाइप ऑर्गन आणि हॅमंड आळीपाळीनं वाजवून श्रोत्यांना ओळखायला लावलं. बरीच उत्तरं चुकली. तरीही १९३८ मध्ये कमिशननं तो दावा करायला मनाई केली. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चांनी मात्र निकालाची वाट पाहिली नव्हती.

हॅमंड घरी आणून निराश झालेला एक माणूस होता डॉन लेस्ली, लॉस एंजेलिसचा. दुकानाच्या मोठ्या दालनात भव्य वाटलेला आवाज घरात मेल्यासारखा वाटला, म्हणून त्यानं स्पीकरचा आवाजच फिरवायला घेतला. हॅमंडनं त्याची कल्पना नाकारली आणि पुढे बरीच वर्षं त्याच्या फिरत्या स्पीकरच्या पेटाऱ्याशी वैर धरलं. वादकांनी दोन्ही एकत्रच विकत घेतले.

चर्चमधला हा लेस्ली स्पीकर छातीइतका उंच. झडपांच्या खिडकीतून आत पाहिलं तर वर दोन काळी शिंगं, पाठीला पाठ लावून फिरणारी. त्यातलं एक मुकं. केवळ तोल सांभाळायला. खाली १५ इंची स्पीकर, त्याचं तोंड जमिनीकडे, आणि त्याखाली एका बाजूनं कापलेला लाकडी ढोल उलट दिशेनं फिरतो. आठशे हर्ट्झच्या वरचं शिंगाकडे, खालचं ढोलाकडे. वेग दोन: संथ आणि जलद. सेटबीफ्रीच्या सेटिंगमध्ये शिंग मिनिटाला ४० फेऱ्यांवरून ४२३ वर जातं, ढोल ३६ वरून ३५७ वर. जलद वेगात शिंगाचं टोक सेकंदाला आठेक मीटर धावतं, म्हणून जवळ येताना स्वर चढतो, लांब जाताना उतरतो. स्टेशनातून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा, फक्त सेकंदाला सात वेळा.

एवढं कोडमध्ये बसवणं अवघड नाही. आवाज एका रांगेत उभा करायचा आणि रांगेची लांबी सतत कमीजास्त करत राहायची. स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही रीत नीट मांडून ठेवली आहे. शिंग पाठमोरं झालं की तीव्र स्वर बोथट करायचे. पेटीच्या लाकडावर आपटून येणारे पडसाद घालायचे. खरी कसोटी संथकडून जलदकडे जाताना लागते. शिंग हलकं, ते सेकंदाभरात पळू लागतं. ढोल जड, तो कुरकुरत चार-पाच सेकंद घेतो. त्या मधल्या काळात वरचा आवाज धावतोय आणि खालचा अजून उठतोय, अशी जी ओढाताण होते तिच्यासाठी चर्चमधला वादक गाण्याच्या शेवटच्या कडव्याआधी खटका मारतो आणि मंडळी उभी राहतात.

नवा कोड घेऊन पुन्हा गेलो त्या दिवशी मी माझा लॅपटॉप त्याच लेस्लीला जोडला, नकलेतला लेस्ली बंद करून. तंत्रज्ञ डोळे मिटून ऐकत होते. माझ्या चाकांना त्यांनी नाव ठेवलं नाही. फक्त विचारलं, "तुझे कपॅसिटर किती साली बनलेत?" जुन्या ऑर्गनमधले मेणकागदाचे कपॅसिटर वयानुसार बदलतात आणि वरचे स्वर मऊ पडतात. माझ्या ऑर्गनला वय नव्हतं. मग लेस्लीची तार काढून नकलेतला लेस्ली साध्या स्पीकरवर लावला, तेव्हा मात्र ते डोळे उघडून खोलीभर पाहू लागले, आवाज गेला कुठे म्हणून. हेडफोनवर मी स्वतःला अनेकदा फसवलं आहे. पण नकलेत असतो तो दोन मायक्रोफोनांनी टिपलेला लेस्ली. इथला भिंती चाटत फिरतो, बाकांखालून येतो, आणि शिंगासमोर हात धरला तर वाराही लागतो.

संध्याकाळी फळी परत बसवण्याआधी त्यांनी एक स्वरसमूह धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं 'रन'चा खटका बंद केला. वीज गेली, पण चाकं लगेच थांबली नाहीत, आणि अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हमध्येही थोडी धुगधुगी होती. सगळे स्वर एकमेकांना धरून, एकाच उतारावरून, घसरत खाली गेले आणि विझले. माझ्या नकलेत बंद म्हणजे बंद. वही काढली, पण किती सेकंद लागले ते मोजायचं राहून गेलं होतं.

"पुन्हा?" मी विचारलं.

ते फळीचे स्क्रू आवळत होते. "पुढच्या रविवारी," म्हणाले.